६००० प्रश्न सोडवूनही इंग्रजीचे गुण का हलत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, सध्या लोअर परळला नोकरी, बदलापूरहून रोजची ये-जा, आणि तयारी एसएससी सीजीएल (म्हणजे केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी पदवीधरांची परीक्षा) व बँकेच्या परीक्षांची. आठ महिन्यांत मोबाइलवर इंग्रजी शब्दसंग्रह आणि व्याकरणाचे ६००० च्या आसपास बहुपर्यायी प्रश्न सोडवलेत, तरी सराव परीक्षेत २५ पैकी १३-१४ च्या पुढे गाडी जात नाही. आता प्रश्नांची संख्या वाढवावी, की सगळं बाजूला ठेवून व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून धरावं, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते आत्ता या दोन्हीपैकी काहीच नको. मी गेली १९ वर्षं दादर-परळ भागात संध्याकाळच्या बॅचना स्पर्धा परीक्षांचं इंग्रजी शिकवते. त्यातली काही वर्षं सराव प्रश्नपत्रिका काढायचंही काम केलं. तुमच्यासारखे विद्यार्थी दर वर्षी येतात, आणि ते कमी मेहनत करतात म्हणून अडकलेले नसतात. ते अडकतात कारण त्यांचा सराव ओळखण्याचा होतो, ठरवण्याचा होत नाही. चार पर्याय समोर आले की कानाला ओळखीचा वाटतो त्यावर बोट जातं. हिरवी खूण आली की पुढचा प्रश्न, लाल आली की ‘अरे हो’ म्हणून पुढचा प्रश्न. हे ६००० वेळा झालं, तरी तुमच्या कानाला जे आधी योग्य वाटत होतं तेच आजही वाटतंय. गुण तिथेच थांबलेत ते यामुळे.

थोडं परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधी सांगते. परीक्षा तीन आठवड्यांवर आली असेल तर खाली सांगितलेलं सगळं करायला वेळ नाही. तेव्हा मागच्या वर्षांचे पेपर वेळ लावून सोडवा आणि जमेल तेवढ्या चुका तपासा. इंग्रजी बातमीतला साधा परिच्छेद वाचून त्याचा आशय मराठीत सांगता येत नसेल, तर आणखी प्रश्न सोडवून उपयोग नाही, आधी रोज वीस मिनिटं वाचन हवं. आणि तुम्हाला ऑफिसात इंग्रजी बोलायचं असेल, तर बहुपर्यायी प्रश्न हा त्याचा रस्ता नव्हे. पण तुमच्या लिहिण्यावरून परीक्षेला किमान चार-पाच महिने असावेत आणि वाचलेलं बऱ्यापैकी समजत असावं, असं धरून पुढचं लिहिते.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्याच्या बाजूने एकदा बघा. बरोबर उत्तर लिहायला मिनिटही लागत नाही. वेळ जातो तो तीन चुकीच्या पर्यायांवर. ते असे हवेत की कच्च्या विद्यार्थ्याचा हात तिकडे वळला पाहिजे. मी ते विद्यार्थ्यांच्या वह्यांतून उचलायची. समजा वाक्य आहे, ‘ही हॅज बीन वर्किंग इन धिस ऑफिस … फाइव्ह इयर्स.’ पर्याय सिन्स, फॉर, फ्रॉम आणि बाय. आपण मराठीत ‘पाच वर्षांपासून’ म्हणतो आणि ‘२०१९ पासून’ही म्हणतो. दोन्हीकडे ‘पासून’ एकच. म्हणून ज्याच्या डोक्यात हा ‘पासून’ घट्ट बसलाय तो सिन्स उचलतो. ज्याने शब्दकोशातून ‘पासून म्हणजे फ्रॉम’ एवढंच पाठ केलंय तो फ्रॉम उचलतो. दोघांचीही चूक लाल रंगाचीच दिसते, पण दोघांचा आजार वेगळा आहे. पहिल्याला समजवावं लागतं की सिन्सच्या पुढे सुरुवातीचा क्षण येतो आणि फॉरच्या पुढे कालावधीची लांबी येते: २०१९ हा क्षण, पाच वर्षं ही लांबी. दुसऱ्याला त्याआधी हे सांगावं लागतं की एका मराठी शब्दाला इंग्रजीत एकच शब्द नसतो.

म्हणून चुकीच्या पर्यायाकडे मी पत्ता म्हणून बघते. तुम्ही कोणता चुकीचा पर्याय निवडलात त्यावरून तुमची चूक कुठे राहते ते कळतं. मोबाइलवरचा सराव तो पत्ता फेकून देतो आणि फक्त गुणांची बेरीज ठेवतो.

तेव्हा पहिलं काम. पुढचे दहा दिवस नवीन प्रश्न बंद. तुमच्या आधीच्या चाचण्यांतले चुकलेले ५० प्रश्न वहीत उतरवा, हाताने. प्रत्येकासमोर तुम्ही काय निवडलं होतं आणि तेव्हा का निवडलं होतं ते मराठीत एका ओळीत लिहा. ‘बरं वाटलं म्हणून’ हे कारणही चालेल, ते किती वेळा येतं हे कळायलाच हवं. मग चुकीच्या कारणानुसार त्यांचे ढीग पाडा. माझ्याकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांमध्ये बहुतेक वेळा मोठा ढीग निघतो तो मराठीतून उचलून आणलेल्या चुकांचा. हा ढीग मोठा निघाला तर आनंद माना, कारण या चुका ठरावीक असतात आणि त्यांच्यावर मराठीच्याच आधाराने उपाय करता येतो. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडच्या इंग्रजी माध्यमातल्या पुस्तकांत हे सापडत नाही.

कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ घ्या. ‘द क्वालिटी ऑफ द मँगोज इन धिस बॉक्स … पुअर.’ इथे इज की आर? निम्मा वर्ग आर म्हणतो, कारण मँगोज अनेकवचनी आहेत आणि डोळ्यांसमोर तेच आहेत. आता हेच वाक्य मराठीत म्हणा: ‘या पेटीतल्या आंब्यांचा दर्जा खराब आहे.’ मराठीत कोणीही ‘आहेत’ म्हणणार नाही. कारण मराठीत मुख्य नाम शेवटी येतं, क्रियापदाच्या जवळ, आणि त्याची विशेषणं आधी येऊन जातात. इंग्रजीत मुख्य नाम पुढे जाऊन बसतं आणि मध्ये ऑफ, इन वगैरेंची रांग लागते. म्हणून लांबलचक कर्ता दिसला की वाक्य मनात मराठीत म्हणा आणि क्रियापद कोणत्या नामाप्रमाणे चालतंय ते बघा. इंग्रजीतही तेच नाम धरायचं. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’चंही असंच, ‘माझ्या मित्रांपैकी एक जण येतो’.

ही युक्ती तीन ठिकाणी फसवते, तेही लिहून ठेवा. वाक्य वर्तमानकाळातच म्हणायचं, कारण भूतकाळात ‘ने’ आलं की मराठी क्रियापद कर्माच्या मागे जातं, ‘मुलांनी आंबा खाल्ला’. दुसरं, आपलं आदरार्थी बहुवचन: ‘बाबा आले आहेत’, पण इंग्रजीत ‘माय फादर हॅज कम’. तिसरं, न्यूज, फर्निचर, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस असे शब्द. आपल्या बातम्या अनेक असतात, इंग्रजीत ‘द न्यूज इज’ एवढंच चालतं.

दुसरं उदाहरण अ आणि ॲन यांचं. यासाठी मुलं इंग्रजीतले पाच स्वर पाठ करतात आणि मग ‘युनिव्हर्सिटी’ला ॲन लावून बसतात, कारण तिचं पहिलं अक्षर ‘यू’ स्वरांत येतं. नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे, आणि उच्चार दाखवायला आपल्याकडे देवनागरी आहे. शब्द देवनागरीत लिहून बघा. युनिव्हर्सिटी, युरोपियन: पहिला ध्वनी य, व्यंजन, म्हणून अ. अवर, ऑनेस्ट: पहिला ध्वनी स्वर, म्हणून ॲन. वन-रुपी कॉइन: व, म्हणून अ. तुम्ही ज्या परीक्षेला बसताय ती ‘ॲन एसएससी एक्झाम’, आणि शेजारचा बसतोय ती ‘अ यूपीएससी एक्झाम’. एमएलए आला की ॲन, मिनिस्टर आला की अ. एवढं एक समजलं की हा प्रश्न पाच सेकंदांचा होतो. अपवाद म्हणजे वर्ष या अर्थाचा ‘इयर’. आपण तो इ लावून लिहितो, पण इंग्रजीत त्याची सुरुवात य ने होते, म्हणून ‘अ इयर’. अ की द, हा मात्र वेगळा आणि अवघड प्रश्न आहे. मराठीत ही सोयच नसल्याने तो वाचनातूनच बसतो.

बाकीचे पटकन सांगते. डिस्कस, एंटर, रीच, मॅरी, रिझेम्बल, अकम्पनी ही क्रियापदं कर्म थेट घेतात, मध्ये शब्दयोगी अव्यय लागत नाही. आपण ‘विषयावर चर्चा’, ‘खोलीत शिरलो’, ‘स्टेशनला पोहोचलो’, ‘तिच्याशी लग्न’ म्हणतो, म्हणून आपला हात अबाउट, इन्टू, ॲट, विथ शोधतो. सिनिअर, ज्युनिअर, सुपिरिअर, इन्फिरिअर यांच्यापुढे आपल्या ‘पेक्षा’साठी दॅन येत नाही, टू येतो; प्रिफरचंही तेच. आणि ‘जरी… तरी’च्या सवयीने ऑलदोच्या मागोमाग बट येऊ देऊ नका.

आता रोजच्या सरावाची पद्धत. दिवसाला पंधरा प्रश्न पुरे. पर्याय हाताने किंवा कागदाने झाका. वाक्य वाचा, रिकाम्या जागी काय यायला हवं ते स्वतः म्हणा, मग पर्याय उघडा. तुमचा शब्द त्यांत असला तर उत्तम. नसला तर त्यातल्या त्यात जवळचा कोणता आणि का, ते ठरवा. उत्तर तपासल्यावर उरलेल्या तीन पर्यायांसाठी एकेक वाक्य बनवा, ज्यात ते बरोबर ठरतील. वरच्याच प्रश्नात सिन्ससाठी ‘सिन्स २०१९’, बायसाठी ‘बाय ५ पीएम’, म्हणजे पाच वाजेपर्यंत. कधी एखाद्या पर्यायाला वाक्य सुचत नाही. तिथे एक खूण करा, तो शब्द तुम्हाला येतच नव्हता. एका प्रश्नातून असे चार शब्द शिकून होतात. पहिल्या आठवड्यात पंधरा प्रश्नांना तासभर लागेल आणि आपण मागे पडतोय असं वाटेल. वाटू द्या.

मी सुरुवातीची दोन-तीन वर्षं मुलांकडून रोज १०० प्रश्न सोडवून घ्यायची. वह्या भरायच्या, मुलं खूश, मीही खूश. निकालाच्या दिवशी कळायचं की जी मुलं आधीपासून चांगली होती तीच पास झाली. ते मला फार लागलं, आणि तेव्हापासून मी संख्या सोडली.

चूक शोधायच्या प्रश्नांत झाकायला पर्याय नसतात, वाक्याचेच तुकडे असतात. तिथे नुसता तुकडा दाखवून थांबायचं नाही, दुरुस्त वाक्य पूर्ण लिहायचं. दुरुस्ती लिहिता आली नाही तर उत्तर बरोबर आलं तरी ते चुकलेल्यांत टाका. आणि ‘नो एरर’ला घाबरू नका. काहीतरी चूक असणारच, या समजुतीने चांगल्या वाक्यात चूक काढणारे विद्यार्थी मी खूप पाहिलेत.

शब्दसंग्रहाकडे वळते. इंग्रजी शब्द डावीकडे, मराठी अर्थ उजवीकडे, अशा याद्या तुम्ही पाठ करत असणार. समानार्थी शब्दांचे प्रश्न नेमके याच याद्यांच्या फटीतून काढलेले असतात. फ्रुगल, थ्रिफ्टी, मायझर्ली, स्टिंजी या सगळ्यांसमोर यादीत ‘कमी खर्च करणारा’ असं काहीतरी असतं. पण काटकसरी आजी आणि चिक्कू मालक यांतला फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही. फ्रुगल आणि थ्रिफ्टी काटकसरीच्या बाजूला, मायझर्ली आणि स्टिंजी चिक्कूच्या बाजूला. शब्दासमोर नुसता अर्थ लिहू नका, ते कौतुक आहे की टीका ते अधिक-उणे चिन्हाने लिहा. चारांपैकी दोन पर्याय बहुधा तिथेच गळतात.

शब्द कोणाच्या सोबतीने येतो हेही हवं. आपण चहा कडक म्हणतो, कठीण म्हणत नाही. पाऊस मुसळधार म्हणतो, जाड म्हणत नाही. तसंच इंग्रजीत टी स्ट्राँग, रेन हेवी. आपण परीक्षा ‘देतो’ म्हणून गिव्ह लिहितो, प्रमाण इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो. निर्णय ‘मेक’ होतो, गृहपाठ ‘डू’ होतो. म्हणून शब्द एकटा लिहूच नका, त्याच्या जोडीदारासकट लिहा.

मूळ धातू उपयोगी पडतात, पण मोजकेच घ्या. बेनेव्होलंट आणि मॅलेव्होलंट यांतले बेने आणि मॅले म्हणजे आपले सु आणि कु, सुविचार आणि कुविचार यांतले. अशा दहा-पंधरा जोड्या पुरतात. वाक्प्रचारांना शक्य तिथे मराठी वाक्प्रचारच जोडा, लांबट स्पष्टीकरण नको. क्रोकोडाइल टियर्स म्हणजे नक्राश्रू. टु ॲड फ्युएल टु द फायर म्हणजे आगीत तेल ओतणं. अ ब्लेसिंग इन डिसगाइज यासाठी तर आपल्याकडे एकच नेमका शब्द आहे, इष्टापत्ती. एकदा ऐकला की विसरत नाही.

चुकलेल्या प्रश्नांकडे परत जाणं, हे तुमच्या आठ महिन्यांत झालेलंच नाही असं दिसतं. रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून तो आठवायचा प्रयत्न केला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर आठवणारे पुढे गेले. म्हणजे चाचणी नुसती मोजत नाही, शिकवतेही. पण बहुपर्यायी प्रश्नाला एक धोका आहे. रोडिगर आणि मार्श यांनी २००५ मध्ये दाखवलं की वाचलेला चुकीचा पर्यायही डोक्यात राहू शकतो आणि नंतर तोच बरोबर म्हणून आठवतो. सोडवल्यावर लगेच नीट तपासणं हा यावरचा इलाज. तुम्ही रात्री थकून ६० प्रश्न सोडवता आणि उत्तरं न बघता झोपता, असं लिहिलंय. हे आजपासून थांबवा. अशा रात्री तुम्ही चुकीचे पर्याय पाठ करताय.

परत जाण्यासाठी मी जर्मनीच्या सेबास्टियन लायटनर यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेली खोक्यांची पद्धत वापरते. माझी मुलं त्यासाठी मिठाईचे रिकामे बॉक्स आणतात. चुकलेला प्रश्न एका कार्डावर, पर्यायांशिवाय. मागे उत्तर आणि कारण. पहिल्या बॉक्समधली कार्डं रोज, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्याने, चौथ्यातली तीन आठवड्यांनी. बरोबर आलं की कार्ड पुढच्या बॉक्समध्ये, चुकलं की थेट पहिल्यात. पुढच्या बॉक्समध्ये टाकायची अट मात्र कडक ठेवा: कारण तोंडाने सांगता आलं पाहिजे.

तुमच्या प्रवासाला ही कार्डं बरी. बदलापूरहून दादरपर्यंत तासाभराहून जास्त वेळ जातो, पण त्या गर्दीत व्याकरणाचा विचार होत नाही आणि मोबाइल सांभाळत केलेला सराव पुन्हा बोट दाबण्याचाच होतो. निघताना दहा कार्डं बघा, खिशात ठेवा आणि उभ्या उभ्या मनात आठवा. अडलं तरच कार्ड काढा. नवीन पंधरा प्रश्न घरी, टेबलाशी, कागद-पेनाने.

वेळेचं म्हणाल, तर घड्याळ पहिले दोन महिने लावू नका. सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात ६० मिनिटांत १०० प्रश्न, त्यांतले २५ इंग्रजीचे, म्हणजे सरासरी ३६ सेकंद. बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत, म्हणजे ४० सेकंद. हा वेग कारणं पक्की झाल्यावर आपोआप येतो. कारण माहीत असलेला माणूस पर्यायांवर रेंगाळत नाही.

अंदाजाने टिक करावी का, हेही तुम्ही विचारलंय. सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात बरोबर उत्तराला २ गुण, चुकीला ०.५ वजा, पर्याय चार. डोळे मिटून मारलेल्या ठोक्याची सरासरी ०.१२५ गुण, जेमतेम अधिक. दोन पर्याय कारणासह बाद केलेत तर उरलेल्या दोनांतल्या अंदाजाची सरासरी ०.७५ होते, ती सोडू नका. बँकेच्या पेपरात पाच पर्याय असतील, १ गुण आणि चुकीला पाव वजा असेल, तर डोळे मिटून मारण्याची सरासरी बरोबर शून्य. तिथे किमान एक पर्याय बाद केल्याशिवाय हात लावू नका. अर्ज भरताना त्या वर्षीच्या जाहिरातीत गुणांची पद्धत पाहून घ्या, ती बदलते.

व्याकरणाचं पुस्तक टाकून देऊ नका. फक्त ते संदर्भासाठी वापरा: ढिगांमध्ये जो सर्वांत मोठा निघेल, तेवढंच प्रकरण उघडायचं, वाचायचं, आणि परत त्याच चुकलेल्या प्रश्नांवर यायचं. बहुतेकांना तीन-चार प्रकरणांच्या पुढे जावं लागत नाही.

तेव्हा या रविवारी ५० चुका वहीत उतरवायला घ्या. ढीग पाडून झाले की कोणता ढीग किती प्रश्नांचा निघाला, ते इथेच आकड्यांसह लिहा. शक्य तर दोन-तीन प्रश्नही द्या, तुम्ही निवडलेल्या चुकीच्या पर्यायासकट. त्यावरून पुढच्या महिन्याचं सांगते.